बॅच सतरा: घाम कुठून येतो ते सापडलं

आधी खजुराची जाहीर माफी. खजूर-बदामाचे गोळे वळताना बॅच चौदापासून मी त्याच्या नावाने बोटं मोडतोय आणि तो निर्दोष निघाला.

मागचं वाचलेल्यांना माझं रडगाणं पाठ आहे. रात्री वळलेले गोळे फ्रिजमध्ये छान टणक. घणसोलीला ऑफिसात अकराला डबा उघडावा तर सगळ्यांना घाम फुटलेला, खोबऱ्याचा कीस भिजून लगदा, आणि तीन गोळ्यांचा मिळून एक गोळा. एप्रिलमध्ये याचा पत्ता नव्हता. जून सरला आणि सुरू झालं.

माझा संशय खजुरावर. आपला तो काळा मऊ इराणी मझाफती, नुसता हातात धरला तरी बोटं चिकटतात. पाणी त्यातूनच सुटत असणार. म्हणून चौदाला डाळ्याची पूड वीसवरून चाळीस ग्रॅमवर नेली. घाम कायम. पंधराला अर्धा खजूर काढून खारीक घातली. चटणीच्या भांड्यात मिक्सर दोनदा बंद पडला, बुडाखालचं लाल बटण दाबून अंगठा दुखला. आईने एक गोळा चावून बघितला आणि काही न बोलता चहात बुडवला. तरी वर घाम होताच. दगडाला घाम! सोळाला बदाम जास्त भाजले आणि पूर्ण गार करून दळले (कोमट दळले की तेल सुटतं, हे नव्या मंडळींसाठी). चव सुधारली, घाम तसाच.

गेल्या गुरुवारी उठायला उशीर झाला. एरवी मी गोळ्यांचं ताट फ्रिजमधून काढून ओट्यावर ठेवतो, जरा सैल पडतात तोवर अंघोळ उरकतो आणि मग डबा भरतो. त्या दिवशी आदल्या रात्रीच भरून ठेवलेला स्टीलचा डबा तसाच बॅगेत कोंबला आणि ठाण्याला दहा नंबर प्लॅटफॉर्मवर पळालो. अकराला उघडला तर गोळे कोरडे ठणठणीत, कीस भुरभुरतोय.

म्हणजे पाणी गोळ्यातून सुटत नव्हतं, हवेतून येऊन बसत होतं. गार बाटलीला बाहेरून पाणी सुटतं, तेच. इथली पावसाळी हवा आधीच बाष्पाने गच्च. थंड गोळ्याला लागली की थेंब धरतो. त्यात वरची साखर विरघळते, त्याचा पाक होतो आणि गोळे एकमेकांना धरून बसतात. अर्धा तास ताट ओट्यावर ठेवून हा कार्यक्रम मीच रोज घडवून आणत होतो.

शनिवारी खात्री केली. ताटातल्यांवर दहा मिनिटांत चकाकी आली. वजनकाट्याला काही कळलं नाही, बोटाला लगेच कळलं. बंद डबा तासभर उघडला नाही: पाणी सगळं स्टीलवर, बाहेरून, आत गोळे कोरडे. तिसरे फ्रिजमध्ये ठेवलेच नव्हते. त्यांना घाम नाही, पण संध्याकाळपर्यंत बूड बसून पेढे झाले.

तर सतराचं माप: बिया काढलेला खजूर २००, बदाम ८०, काजू ४०, डाळ्याची पूड ४०, भाजलेल्या जवसाची पूड १५ ग्रॅम, वेलदोडा, चिमूटभर मीठ. अठरा ग्रॅमचे वीस गोळे, उरलेलं वळणाऱ्याचं. काजू तुकडाच घ्या, दळायचाच आहे तर अख्ख्याचे पैसे का मोजा. मात्र आधी एक चावून बघा. जांभळी नाक्याच्या एका दुकानातून आणलेला पाव किलो खवट निघाला, तो सगळा गेला. दोन किलोच्या वर काही हवं असेल तर मी सरळ वाशीचं मसाला मार्केट गाठतो. तिथे हातावर ठेवून चाखायला देतात.

अठरासाठी अंजीर ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता लक्षात आलं की खजूर निर्दोष असेल तर चाळीस ग्रॅम डाळ्याची शिक्षा कशाला? परत वीस. अंजीर पुढे ढकललं.

आणि आई. तिला हा सगळा शोध रंगवून सांगितला, तर म्हणाली, "अरे, लाडू फ्रिजमध्ये ठेवतं कोण? हाताला तूप लावून वळ आणि डब्यात ठेव." बूड बसण्यावर तुपाचा काय इलाज, हे तिने सांगितलं नाही. पण तुपाच्या हाताने वळून भाजलेल्या तिळात घोळवले तर पाणी वर बसायला जागा कमी मिळेल, असं आता डोक्यात आलंय. कीस बाद. अठराचे दहा तिळाचे, दहा नुसत्या तुपाचे, आणि दोन्हींतले निम्मे फ्रिजबाहेर. तीळ उद्या आणतो. घरातले आईने संक्रांतीपासून जपून ठेवलेत आणि तिला विचारायची हिंमत नाही.