हरिहर 'कठीण' कोणासाठी?

मागच्या पावसाळ्यातला रविवार. सकाळी चहा घेऊन लॅपटॉप उघडला तर नोटिफिकेशनचा पाऊस. आम्ही काही जण मिळून एका विकीवर गडकिल्ल्यांच्या नोंदी सांभाळतो, आणि रात्रीतून कोणीतरी हरिहर, लिंगाणा, अलंग, तिकोना अशा कितीतरी नोंदींमधून 'चढाईची श्रेणी' हा रकानाच उडवला होता, वर 'सोपे किल्ले', 'कठीण किल्ले' हे वर्गसुद्धा काढलेले. संपादन सारांशात चारच शब्द, 'मत आहे, माहिती नाही.'

मी चिडलो. त्यातल्या निम्म्या नोंदी मी लिहिलेल्या, स्वतः जाऊन आलेल्या गडांच्या. उलटवलं. पंधरा मिनिटांत त्यांनी परत काढलं, मी परत घातलं, शेवटी आमच्यातल्या एका जुन्या संपादक ताईंनी सांगितलं की आता कोणीच हात लावायचा नाही, दोघंही चर्चापानावर या.

तिथे रकाना काढणाऱ्यांनी लिहिलं, "दादा, हरिहर कठीण हे ठरवलं कोणी? पायथ्याच्या हर्षेवाडीत वाढलेल्या पोराला विचारा आणि पहिल्यांदाच गड चढणाऱ्याला विचारा, उत्तर एकच येईल का?"

मी म्हटलं, अहो त्या कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या बघा, हात रोवायला खोबण्या केल्यात तिथे, 1818 मध्ये किल्ला घेणारा इंग्रज कॅप्टन ब्रिग्जसुद्धा त्या बघून थक्क झाला होता.

"मग पायऱ्या लिहा ना. खोबण्या लिहा. ब्रिग्ज थक्क झाला हे ब्रिग्जच्या नावावर लिहा. 'कठीण' कोणाच्या नावावर लिहिणार?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण हार मानायचीही नव्हती, म्हणून मी विजयदुर्ग काढला. म्हटलं, तुमचं ते गिरिदुर्ग, जलदुर्ग, भुईकोट तरी कुठे एवढं पक्कं आहे? आपल्याकडे विजयदुर्ग सरळ जलदुर्ग या वर्गात. पण 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले तेव्हा खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग हे बेटावरचे धरले आणि विजयदुर्ग किनाऱ्यावरचा. प्रतापगड आपल्याला साधा गिरिदुर्ग, त्यांनी त्यात जंगलही धरलं. म्हणजे तिथेही कोणीतरी ठरवलंच की!

यावर ते बराच वेळ गप्प होते. मग आलं, "हे मान्य. पण विजयदुर्गला तीन बाजूंनी पाणी आहे हे तुम्ही, मी, युनेस्को, तिघांनाही दिसतं, भांडण फक्त नावाचं आहे. 'सोपा'मध्ये असं दाखवायला काय आहे?"

दुपारी त्याच पानावर एक नवीन वाचक आला, खातंही त्याच दिवशी काढलेलं. त्याने कोणालाही दोष दिला नव्हता. एवढंच लिहिलं होतं की तिकोना 'सोपा' वाचून आईला घेऊन गेलो, पावसाचे दिवस, वरच्या उंच उभ्या पायऱ्यांवरून पाणी वाहत होतं, आई मधेच बसली आणि खाली उतरवायला दोन तास लागले, ओळखदेख नसलेल्या पोरांनी हात दिला.

तो 'सोपा' मीच टाकला होता. नोंदीतल्या बदलांच्या इतिहास पानावर तारीखही दिसते. बावीस वर्षांचा होतो, जानेवारीत गेलो होतो, पायऱ्या कोरड्या ठक्क. खोटं काहीच लिहिलं नव्हतं मी, आणि त्या माऊलीच्या मात्र काही उपयोगाचं नव्हतं ते. मी त्याची माफी मागितली, मग चर्चापानावर लिहिलं की रकाना काढा, माझी हरकत नाही.

पण नुसता काढून चालणार नाही यावर मी अडून बसलो, आणि ते त्यांनाही पटलं. वाचक नोंद उघडतो तो जायचं की नाही हे ठरवायला, त्याला रिकामी जागा देऊन काय उपयोग? मग लिंगाण्यावर आणि अलंगवर 'दोर लागतो' हे घातलं, कारण ते कोणाचंही मत नाही. हरिहरवर कुठल्या गावातून कुठली वाट, पायऱ्या कुठून सुरू होतात ते. रात्री साडेअकरापर्यंत आम्ही दोघं एकेक नोंद वाटून घेत बसलो होतो, सकाळी ज्यांच्याशी भांडलो त्यांच्याचसोबत.

तिकोना मी मागून घेतला. 'शेवटच्या टप्प्यातल्या पायऱ्या उंच आणि उभ्या आहेत, पावसाळ्यात त्यांवरून पाणी वाहतं' असं लिहून सेव्ह केलं. विजयदुर्गची चर्चा अजून उघडीच आहे.