हायपरकार्ड स्टॅक दुरुस्ती: शनीचं कार्ड आता बोलतंय

ग्रहमालेवरचा जुना शैक्षणिक स्टॅक (ॲपलच्या हायपरकार्ड या जुन्या मॅक प्रोग्रॅममध्ये केलेला कार्डांचा संच) बराचसा मार्गी लागलाय. मांडणी तीच: मिनी व्हीमॅक (जुन्या मॅकची नक्कल करणारा प्रोग्रॅम), सिस्टिम ७ (त्या मॅकची ऑपरेटिंग सिस्टिम), हायपरकार्ड २.१.

सगळ्यात हट्टी निघालं शनीचं कार्ड. बाकी कुठलंही कार्ड उघडलं की बॅकग्राउंडमधला (कार्डांच्या सामायिक थरातला) ओपनकार्ड हँडलर, म्हणजे कार्ड उघडल्याचा संदेश आला की चालणारा स्क्रिप्टचा तुकडा, मथळा भरतो, आवाज वाजवतो (बुध-शुक्राचा आवाज सोडून, त्याचं पुढे). शनीवर मात्र सगळं गप्प, एररचा डायलॉगसुद्धा नाही. मेसेज वॉचर, म्हणजे येणारे-जाणारे संदेश दाखवणारी खिडकी, उघडला. कुणीच न हाताळलेले संदेश त्यात कंसात दिसतात; ओपनकार्ड कंसाबाहेर होता, म्हणजे तो कुणीतरी धरत होतं. मग बॅकग्राउंडच्या हँडलरमध्ये चेकपॉइंट (स्क्रिप्ट तिथे थांबवणारी खूण) लावला. तिथे काही थांबेना. धरणारा त्याआधीच बसलेला, हे पक्कं झालं.

हायपरटॉकमध्ये, म्हणजे हायपरकार्डच्या स्क्रिप्टच्या भाषेत, संदेश कार्ड, बॅकग्राउंड, स्टॅक, होम (हायपरकार्डचा मुख्य स्टॅक) आणि शेवटी खुद्द हायपरकार्ड असा वर चढतो. वाटेत त्या नावाचा हँडलर भेटला की प्रवास संपला. शनीच्या कार्डाला स्वतःचा छोटासा ओपनकार्ड होता, फक्त कड्यांचं बटण दाखवण्यापुरता. त्याच्या शेवटी ‘पास ओपनकार्ड’ (संदेश पुढे जाऊ दे) लिहिलं आणि कार्ड बोलू लागलं. काही न बोलता बिघडणाऱ्या स्टॅकमध्ये मी आता आधी हेच शोधतो: संदेश कुणी धरला?

गुणांच्या फील्डमध्ये आकड्याऐवजी ‘टोटलस्कोअर’ हा शब्दच उमटायचा. किंमत न दिलेलं नाव हायपरटॉक सरळ मजकूर म्हणून घेतं. व्हेरिएबल सगळ्या हँडलरमध्ये सामायिक करणारी ‘ग्लोबल’ची ओळ प्रत्येक हँडलरमध्ये पुन्हा लिहावी लागते आणि नेमकी या हँडलरमध्ये ती नव्हती. व्हेरिएबलचं नावच पडद्यावर आलं तर दुसरीकडे कुठे शोधू नका.

ग्रहांची फिरती चित्रं डोळ्यांपुढून सटकन निघून जात होती. मूळ लेखकाने थांबण्यासाठी रिकामा रिपीट लूप घातला होता, त्या काळच्या मशीनच्या वेगाला बेतलेला. त्याऐवजी ‘वेट ६ टिक्स’ घातलं. टिक म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, त्यामुळे मशीन कितीही वेगवान असलं तरी अंतर तेच राहतं. ‘प्ले’ आवाज सुरू करून लगेच पुढच्या ओळीवर जातं, म्हणून कार्ड बदलण्याआधी ‘वेट अनटिल द साउंड इज डन’ हवंच.

बुध आणि शुक्राचे आवाज वेगळ्या कारणाने गायब होते. ही प्रत कधीतरी मॅक नसलेल्या डिस्कवरून फिरली होती आणि तिचा रिसोर्स फोर्क गळून पडला होता. (जुन्या मॅकच्या फाइलला दोन भाग असतात: डेटा फोर्क, आणि आवाज वगैरे ठेवणारा रिसोर्स फोर्क.) कार्डं आणि स्क्रिप्ट डेटा फोर्कमध्ये असतात, त्यामुळे टाइप ‘एसटीएके’ आणि क्रिएटर ‘डब्ल्यूआयएलडी’ (फाइल कसली आणि कुठल्या प्रोग्रॅमची, हे मॅकला सांगणारे संकेत) परत लावले की स्टॅक उघडतो आणि वरवर धडधाकट दिसतो. रेसएडिटमध्ये (रिसोर्स पाहण्या-बदलण्याच्या प्रोग्रॅममध्ये) पाहिलं तर आवाजाचे रिसोर्स नाहीतच. स्टॅकच्या फ्लॉपीच्या इमेजमधून (अख्ख्या डिस्कची नक्कल असलेल्या फाइलमधून) ते परत आणले. अशा फाइली डिस्क इमेज किंवा बिनहेक्स (दोन्ही फोर्क एकाच मजकूर-फाइलीत बांधणारी पद्धत) करूनच हलवा, ही कळकळीची विनंती.

आता उरलीय एक एक्सकमांड, म्हणजे हायपरकार्डला बाहेरून जोडलेली जादा आज्ञा. चंद्राच्या कला एकमेकींत विरघळवण्यासाठी स्क्रिप्ट तिला हाक मारते, पण ती ना या स्टॅकमध्ये आहे, ना होममध्ये, ना त्या इमेजमध्ये. आत संकलित कोड, त्यामुळे वाचून पुन्हा लिहिण्याचा प्रश्नच नाही. पण आज्ञासुद्धा संदेशाच्याच वाटेने वर चढते. त्याच नावाचा हँडलर स्टॅकच्या स्क्रिप्टमध्ये लिहून आत ‘व्हिज्युअल इफेक्ट डिझॉल्व्ह’ वापरणार आहे. मूळ स्क्रिप्टची एकही ओळ बदलावी लागणार नाही.