पॉइंटवाली बुलेट ३५०: करंट सापडला, कंडेन्सर घराबाहेर

अखेर गाडी गरम असताना पहिल्या किकला उठली. मागच्या नोंदीत आपण ‘बॅटरी १२.५ व्होल्ट, कॉइलच्या प्लसला १२.४, तरी प्लगला करंट नाही’ इथे अडकलो होतो (कॉइल म्हणजे बॅटरीच्या व्होल्टेजवरून प्लगची ठिणगी तयार करणारे वेटोळे). ती १२.४ चीच मोजणी फसवी होती.

ती मोजणी पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) उघडे असताना घेतलेली. पॉइंट उघडे म्हणजे वायरिंगमधून करंट वाहतच नाही, आणि करंट नसेल तर गंजलेला सांधाही मीटरवर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. म्हणून डिकंप्रेसर (इंजिनातला दाब सोडणारा खटका) दाबून किक हळूहळू फिरवली आणि अँमीटरचा काटा मायनसकडे झुकला तिथे थांबलो. म्हणजे पॉइंट बंद. आता बॅटरी १२.३ आणि कॉइलच्या प्लसला फक्त ९.१. कॉइलच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत आणखी ०.४ जातात. कॉइलच्या वाट्याला उरले ८.७. कॉइलची प्रायमरी (बॅटरीकडची गुंडाळी) ३.४ ओहम, म्हणजे करंट जेमतेम अडीच अँपिअर. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गावर चालते, त्यामुळे ठिणगीची ताकद निम्म्यावर आली होती. (पॉइंट बंद असताना स्विच दहा सेकंदांपेक्षा जास्त चालू ठेवू नका. कॉइल तापते, बॅटरीही उतरते.)

मग मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला कायम आणि दुसरी एकेक सांध्यावर पुढे सरकवत नेली. प्रत्येक सांध्यावर वाढलेला फरक असा: फ्यूज होल्डर ०.३, अँमीटर ०.१, इग्निशन स्विच ०.६, आणि डूममधला (हेडलाइटच्या खोळीतला) बुलेट कनेक्टर, म्हणजे गोळीच्या आकाराची वायर जोडायची पिन, एकटा २.२ व्होल्ट खाऊन बसलेला. वरून चकचकीत, स्लीव्ह मागे सरकवली तर आत हिरवा चुरा. पावसाळ्यात डूममध्ये ओल साचते आणि ती नेमकी या सांध्यांवर बसते. तांबे काळे पडले होते तिथपर्यंत वायर कापली, १.५ स्क्वेअर मिमीचा नवा तुकडा जोडला, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) क्रिम्प करून वर हीट श्रिंक चढवली. नुसते पिळून टेप मारलेले सांधे या गाडीच्या थरथरीत टिकत नाहीत.

अर्थिंगचे ०.४ रंगकामातून आले होते. चेसिसला पावडर कोटिंग झाल्यावर अर्थच्या बोल्टखालचा रंग कुणी खरवडलाच नव्हता. तिथे लोखंड उघडे केले, दातेरी वॉशर टाकला आणि इंजिनपासून बॅटरीच्या मायनसला वेगळी वायर ओढली. स्विचला कॉन्टॅक्ट क्लीनर मारला. आता प्लसकडे एकूण ०.४, मायनसकडे ०.१. कॉइलला ११.८ मिळतात. दिवसाउजेडी दिसेल अशी निळी ठिणगी!

पण पंधरा मिनिटे चालली की गाडी पुन्हा बंद, आणि अर्धा तास थंड झाली की सुरळीत. इथे संशय दोघांवर: कॉइल आणि कंडेन्सर (पॉइंट उघडताना करंट सामावून घेणारा भाग). कॉइल गरम असतानाच मोजली, प्रायमरी ३.७. तांबे तापल्यावर रोध इतका वाढतोच. मग डिस्ट्रिब्युटरचे (पॉइंट ज्यात बसतात त्या डबीचे) झाकण काढून किक मारली तर पॉइंटवर जाड पिवळट ठिणगी आणि प्लगला जवळपास काही नाही. कंडेन्सर आतून तुटल्याची ही खूण. पॉइंट उघडताना करंटला जायला जागा उरत नाही, तो पॉइंटवरच जळतो. कंडेन्सर शॉर्ट झाला असता तर उलटे झाले असते: पॉइंट उघडूनही कॉइलच्या मायनसला व्होल्टेज आले नसते. इथे १२.४ येत होते.

काढून मोजला तर ०.२१ मायक्रोफॅरड, अगदी ठणठणीत. मीटरला जोडलेला असतानाच हेअर ड्रायरने तापवला, तीन मिनिटांत आकडा शून्यावर. थंड झाल्यावर पुन्हा ०.२१. ‘मीटरवर बरोबर दाखवतो’ म्हणून कंडेन्सर परत बसवणाऱ्यांनी हे एकदा करून पाहावेच.

नवाही त्याच जागी, पॉइंटशेजारी बसवणार होतो, पण इंजिनाच्या उष्णतेत त्याला ठेवायचेच कशाला? तो पॉइंटला समांतर असतो, मग कॉइलच्या मायनसपाशी, टाकीखाली का नको? चारचाकीचा कंडेन्सर घेतला (सुट्या, शिक्का नसलेल्या डबीतले घेऊ नका, माझ्या मते पैसे वाचवायची ही जागाच नव्हे), आणि त्याची अर्थ चेसिसच्या रंगावर न सोडता थेट नव्या अर्थ वायरला दिली. चाळीस मिनिटे चालवून बंद केली, पाच मिनिटांनी किक, सुरू.

इग्निशन स्विचला बगल देऊन कॉइलला रिलेने (विजेवर चालणाऱ्या वेगळ्या स्विचने) सप्लाय द्यायचा माझा आधीचा बेत मात्र रद्द. वाटेत गळणारे व्होल्टेज ०.४ वर आल्यावर रिले म्हणजे बिघडायला एक जास्तीचा भाग. त्याऐवजी आत्ता लिहिता लिहिता सुचले: शेजारीच दुसरा कंडेन्सर पट्टीने घट्ट बसवून ठेवायचा, अर्थ जोडलेली, वायर मोकळी. वरंधा घाटात पहिला गेला तर फक्त एक थिंबल बदलायचा.

जळलेले पॉइंट बारीक कानशीने सपाट केले, पण खड्डा खोल आहे, नवा संच लागेल. गॅप (पॉइंट उघडल्यावरची फट) ०.३५ ते ०.४० मिमी. गॅप बदलला की टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) सरकते, त्यामुळे पिस्टन टीडीसीच्या (त्याच्या सर्वांत वरच्या टोकाच्या) ०.८ मिमी आधी ठेवून परत लावावे लागेल. कॉइलच्या मायनस आणि अर्थमध्ये ५ वॅटचा बल्ब टाकायचा, पॉइंट उघडताक्षणी तो पेटतो. नवा संच आला की आधी तेच.