आत्याच्या नव्या घरी

परवा आत्याकडे पहिल्यांदाच लिफ्टने गेले. वरळीच्या बीडीडी चाळीत तिची खोली होती १६० चौरस फुटांची. मोरी आत, संडास मात्र व्हरांड्याच्या टोकाला, सगळ्यांचा मिळून. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजे बीडीडीने, १९२०च्या दशकात बांधलेल्या या चाळी. त्या खोलीत सहा माणसं राहायची. आतेभाऊ व्हरांड्यातच झोपायचा.

१४ ऑगस्ट २०२५ला म्हाडाच्या पुनर्विकासातल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यांत आत्याचंही घर. ५०० चौरस फूट, मालकीचं. आत्या आधी कुठे गेली असेल? संडासाची कडी लावून, काढून बघत होती. "आता रात्री बॅटरी घेऊन जायला नको गं," म्हणाली. मला भरून आलं.

पण एकट्या वरळीत १२१ चाळी. शिवाय नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी वेगळ्याच. माझी मैत्रीण अजून संक्रमण शिबिरात, म्हणजे नवं घर मिळेपर्यंतच्या तात्पुरत्या घरात आहे, सासूबाईंची पंचाहत्तरी तिथेच झाली. दरवर्षी किती मजले चढले ते सांगतात; मला किती कुटुंबं परतली तो आकडा हवाय.

रविवारी त्या सासूबाईंना आत्याचं घर दाखवायला नेणार आहे. त्यांनीच विचारलंय, देव्हारा कुठल्या भिंतीला बसतो म्हणून.