काट्शबर्ग घाट: सिल्व्हर घोस्ट आणि ऑडी, चढाला आणि उताराला

'घोस्ट टॉप गिअरमध्ये कुठेही चढते' असं ज्यांनी आम्हाला रोल्स-रॉइसच्या जुन्या सिल्व्हर घोस्टबद्दल सांगितलं, त्यांनी ती ऑस्ट्रियातल्या काट्शबर्ग घाटात नेलेली नाही, हे आता छातीठोकपणे सांगतो.

या समजुतीचं मूळ 1911 सालात आहे. रोल्स-रॉइसने लंडन-एडिंबरा जाऊन-येऊन प्रवास फक्त टॉप गिअरवर केला आणि गॅलनला 24.32 मैल दिले. प्रतिस्पर्धी नेपियर कंपनीच्या गाडीचे त्याआधीचे 19.35 होते. आकडे खरे आहेत. त्या वाटेत काट्शबर्ग लागत नाही, एवढंच.

रेनवेग गाव सोडलं की रस्ता 1641 मीटरच्या खिंडीपर्यंत सरळ अंगावर येतो. 1912 च्या आल्प्स स्पर्धेत जेम्स रॅडलीची घोस्ट इथेच अडकली होती. गिअर तीन, त्यात पहिला फार उंच, म्हणजे चढाला हवा तेवढा जोर न देणारा. माणसं उतरवली तेव्हा गाडी हलली. कंपनीने धडा घेऊन 1913 मध्ये चार गिअरच्या गाड्या पाठवल्या. म्हणून कोणी घोस्टमधून आल्प्सला नेतो म्हणाला, तर रंग आणि बॉडी नंतर बघा, आधी गिअर किती ते विचारा. आमची तीनवाली.

चढ कसाबसा झाला. 7.4 लिटरच्या इंजिनात ताकद भरपूर आहे, पण पहिल्या गिअरमध्येही गाडी पुरेशी हळू चालत नाही. मग वळणावर क्लच अर्धा दाबून धरायचा आणि त्यातल्या चामड्याच्या अस्तराचा करपट वास सोसायचा. मागे मोटारसायकलवाले खोळंबलेले. सोबतची त्याच काळातली ऑडी टाइप सी निम्म्या इंजिनाची, 3.6 लिटर, चार सिलिंडर. ती आमचं सामान घेऊन शेळीसारखी वर गेली. तिच्यात बसून गप्पा अशक्य, आवाज डोक्यात जातो. तरी चढाला ऑडी, वाद नको.

खरी परीक्षा खिंडीपलीकडे, सांक्ट मिखाएल गावाकडच्या उतारावर. त्याबद्दल आधी एकानेही अवाक्षर काढलं नाही, याचा राग अजून आहे. पुढच्या चाकांना ब्रेक दोन्ही गाड्यांना नाहीत. आमच्या घोस्टचा पायातला ब्रेक थेट प्रोपेलर शाफ्टवरच्या (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्यावरच्या) ड्रमला, आणि हातातला मागच्या चाकांना. शाफ्टचा ड्रम बघता बघता तापतो आणि पाय कितीही दाबला तरी फरक पडेनासा होतो. पहिला गिअर उंच असल्याने इंजिनही गाडीला हवं तेवढं धरत नाही. चालवणाऱ्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या. तेव्हा खिंडीतच थांबून पहिला गिअर टाका, खालपर्यंत बदलू नका. हात आणि पाय आलटून पालटून वापरा, जागा मिळेल तिथे थांबा, आणि तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडकेल. लाकडी गुटके पायाशी हवेत, डिकीत नव्हे. शेजारचा माणूस उडी मारून चाकाखाली ते लावू शकला पाहिजे. पेट्रोलच्या टाकीत हवेचा दाब भरायचा हातपंपही त्याच्याच गळ्यात, म्हणजे शेजारी झोपाळू मित्र नको.

1908 मध्ये मुंबई-कोल्हापूर चाचणीत घोस्टने सह्याद्रीचे घाट पार केले होते, हे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. उतरताना ड्रायव्हरची अवस्था काय होती, हे त्यातलं कोणीच सांगत नाही.

खिंडीतल्या मुक्कामी पत्र्याच्या शेडखाली गाडी लावायचे रात्रीचे 40 युरो घेतले, दर गाडीमागे, तेही सकाळी बिल देताना सांगून. शुद्ध लूट. दर संध्याकाळीच विचारा, नाहीतर रेनवेगमध्येच राहा आणि पहाटे निघा. मोटारसायकलींची गर्दीही टळेल.

पुढचे दिवस दरीतले, सपाट. तिथे घोस्ट इतकी शांत चालते की आदल्या दिवशीच्या शिव्या मागे घ्याव्याशा वाटतात. पण घेत नाही. तीन गिअरची असेल तर ट्रेलरवर चढवा आणि खालच्या महामार्गाच्या बोगद्यातून न्या. त्या टप्प्याला विन्येट (ऑस्ट्रियातल्या महामार्गांचा ठरावीक मुदतीचा टोल-परवाना) चालत नाही, टोल वेगळा भरावा लागतो.