रेकॉर्डिंग होतं, तर दिलं का नाहीस?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगते. मावशीनं विचारलं, दादानं तर तीनदा विचारलं, ऑफिसात डबा खाताना दोघींनी विचारलं, की छळाची केस आहे, नवऱ्याच्याच तोंडच्या शिवीगाळीचं रेकॉर्डिंग तुझ्याकडे आहे, मग कोर्टात का नाही दिलंस? घाबरलीस, का अजून जीव गुंतलाय?

पहिलं म्हणजे कायदा आडवा आला नाही. नवराबायकोतलं बोलणं कोर्टात चालत नाही असं मलाही वाटायचं. पंजाब-हरियाणा हायकोर्टानं 2021 मध्ये बायकोचं नकळत केलेलं रेकॉर्डिंग घ्यायला नाही म्हटलं होतं, पण तो निकाल सुप्रीम कोर्टानं 14 जुलै 2025 ला फिरवला, आणि तेव्हा आमची केस पुराव्यावर येतच होती. शिवाय फॅमिली कोर्टाच्या 1984 च्या कायद्यात कलम 14 आहेच, वाद सोडवायला मदत होईल असं वाटलं तर एरवी पुराव्यात न बसणारा कागदसुद्धा न्यायाधीश बघू शकतात. म्हणजे दार उघडं होतं. मी आत गेले नाही, एवढंच.

आणि मी पुरावे दिलेच नाहीत असं कृपा करून म्हणू नका. शपथपत्र दिलं, कागदांची यादी केली, शाळेच्या फीच्या पावत्या, दवाखान्याचे कागद, बँकेची स्टेटमेंट्स, व्हॉट्सॲपच्या प्रिंट, सगळं पानावर नंबर घालून. पेनड्राइव्हसुद्धा तयार होता. पुराव्याच्या नव्या कायद्यात, भारतीय साक्ष्य अधिनियमात, अशा रेकॉर्डिंगला कलम 63 चं सर्टिफिकेट लागतं, त्यात मोबाईलचं मॉडेल, आयएमईआय नंबर आणि फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या फाईलचा बोटाच्या ठशासारखा आकडा, लिहायची, एक भाग आपण सही करायचा, दुसरा तज्ज्ञानं. जालन्याच्या निवडणुकीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं 2020 ला असल्या सर्टिफिकेटवर किती कडक भूमिका घेतली होती ते वकील मॅडमनी मला दोनदा समजावलं. राहिला होता फक्त लेखी उतारा. रेकॉर्डिंगमधलं प्रत्येक वाक्य कोण बोललं ते लिहून द्यायचं. टायपिंगवाल्याला हे ऐकवायची लाज वाटली म्हणून मीच बसले.

लेक झोपल्यावर हेडफोन लावला. अकरा मिनिटं चाळीस सेकंद. तो काय बोललाय ते तुम्हाला माहितीये, परत लिहीत नाही. पण त्या दिवसापर्यंत मी ते फक्त त्याचा आवाज ऐकायला लावलं होतं, हेडफोन लावून शब्द न् शब्द कधीच ऐकलं नव्हतं. मागे बारीक आवाजात आतल्या खोलीतून लेक नऊचा पाढा म्हणत होती. दुसऱ्या दिवशी शाळेत म्हणून दाखवायचा होता. तो ओरडला की तिचा आवाज वाढायचा. नऊ चोक छत्तीस, नऊ पाचे पंचेचाळीस, आणि मग मी, माझा आवाज, अगदी स्पष्ट, "मग ठेव तिला तुझ्याकडे, मला नकोय ती." पाढा थांबला. मी मागे नेऊन मोजलं, नऊ सेकंद काहीच नाही. मग परत पहिल्यापासून, नऊ एके नऊ, मोठ्यांदा, जवळजवळ किंचाळत.

मी हे बोलले होते हे मला आठवत नव्हतं. शपथेवर सांगते, आठवत नव्हतं.

सकाळी मॅडमना फोन केला, मधली वीस सेकंद काढता येतील का. त्या म्हणाल्या, "ताई, एक सेकंद कापलात तरी हॅश बदलते, सर्टिफिकेट खोटं ठरतं, ते आपण करायचं नाही. द्यायचं तर अख्खं द्या." पुढच्या तारखेला मी नाही म्हणाले.

तुम्ही म्हणाल, लेकीचा ताबा जाईल म्हणून घाबरलीस. हो, घाबरले. पण तेवढंच नव्हतं. सुनावणी बंद दाराआड मागता आली असती, ते मला ठाऊक आहे. पण रेकॉर्डिंग केसमध्ये गेलं की त्याच्या नकला होतात, उतारा दोन्ही बाजूंना मिळतो, आणि तो कागद उद्या तिच्या हातात पडला तर? तिनं तो पाढा कुठे थांबवला होता हे तिला कळलं तर? आणि मग मीच मला विचारते, तिला कळायचं काय राहिलंय, ती तर तिथेच होती. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

उलटतपासणीत त्याच्या वकिलांनी विचारलं की तुम्ही म्हणता तशा शिवीगाळीचा एकही थेट पुरावा नाही ना. पर्समध्ये तो पेनड्राइव्ह होता. मी म्हणाले, "दाखल केलेला नाही." जबाबात उतरलं, "हे म्हणणे खरे आहे की, सदर शिवीगाळीबाबत मी कोणताही थेट पुरावा दाखल केलेला नाही." खाली माझी सही आहे. त्या एका ओळीवर ते माझी केस पाडतील असं दादा म्हणतो, आणि पाडतीलही.

मॅडम म्हणतात, युक्तिवादाच्या आधी अर्ज करून अजूनही दाखल करायची परवानगी मागता येईल, पण इतके दिवस का नाही दिलं याचं कारण लिहावं लागेल. तारीख पुढच्या महिन्यात आहे. अर्जाचा कागद काढून ठेवलाय, वर केस नंबर लिहिलाय, कारणाच्या जागी काय लिहू ते सुचत नाही. लेक आता सहावीत आहे. हिशोब करताना नऊचं काही आलं की अजून बोटांवर मोजते, आणि मी तिला पाढा म्हण असं सांगत नाही.