पावसाळ्यात कॅम्परने गगनबावडा: मांडुकलीचे पाणी आणि भाड्याचा हिशेब

‘गगनबावड्याचा रस्ता बारा महिने चालू असतो, पाणी आले तरी तासाभरात उतरते,’ असे कॅम्पर (झोपण्याची आणि राहण्याची सोय असलेली गाडी) भाड्याने देणाऱ्या मालकाने आम्हाला फोनवर ठामपणे सांगितले होते. हे विधान साफ चुकीचे आहे. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या पश्चिमेला अशी अवजड गाडी नेण्याचा बेत ज्यांनी आखला असेल, त्यांनी आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी हे वाचावे. पावसात चालण्याची सवय, चांगले बूट, रेनकोट आणि विजेरी या गोष्टी तुमच्याकडे असतीलच, असे धरून मी लिहीत आहे.

पुण्याहून कोल्हापूरपर्यंतच्या महामार्गाबद्दल सांगण्यासारखे काही नाही. माझा मित्र कसबा बावड्यात राहतो. त्याच्या अंगणात गाडी लावली आणि अंबाबाईचे दर्शन, मिसळ, रंकाळ्यावरची फेरी हे सारे त्याच्या दुचाकीवरून केले. महाद्वार रोड किंवा भवानी मंडपाच्या आसपास कॅम्पर नेऊच नये. तिथे ती वळवायला जागा मिळत नाही.

त्याच्या घरी पावसाळ्यात सकाळच्या चहाच्या आधी ‘बंधाऱ्याला किती फूट?’ हा प्रश्न विचारला जातो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये नदी त्याहून कितीतरी वर गेली आणि शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला, त्यामुळे हा प्रश्न तिथे कोणी सहज म्हणून विचारत नाही. आम्ही निघालो त्या सकाळी पातळी इशाऱ्याच्या बरीच खाली होती आणि मित्रही आमच्याबरोबर निघाला. बाहेरून येणाऱ्यांची फसगत होते ती नेमकी येथे. बंधाऱ्याचा आकडा पंचगंगेचा असतो. गगनबावड्याच्या वाटेवरच्या मांडुकली गावाच्या पट्ट्यात रस्त्यावर येते ते कुंभी नदीचे पाणी, आणि जिल्ह्यातला सर्वाधिक पाऊस गगनबावडा तालुक्यातच पडतो. शहरात उघडीप असताना तिकडे रस्ता पाण्याखाली असू शकतो.

कोल्हापूर ते गगनबावडा हे अंतर सुमारे ५५ किलोमीटर आहे. फुलेवाडी, बालिंगे, कळे असे करत आम्ही जाताना विनासायास पोहोचलो, आणि धुक्यातली ती रात्र फार चांगली गेली.

परतताना मांडुकलीच्या अलीकडे वाहनांची रांग लागलेली दिसली. रस्त्याची पांढरी कड दिसेनाशी झाली होती. पाणी साचलेले नव्हते. एका बाजूच्या भातखाचरांतून येऊन ते रस्त्यावरून आडवे, दुसऱ्या बाजूच्या उसात ओढीने जात होते, आणि ही ओढ गाडीच्या काचेतून अजिबात कळत नाही, खाली उतरून पाहिले तरच कळते. फोनवरचा नकाशा त्या क्षणीही मार्ग मोकळा असल्याचे दाखवत होता. समोरून एक ट्रॅक्टर पार झाला, तेव्हा आमच्या चालकालाही गाडी घालण्याचा मोह झाला. तिथे उभ्या असलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी छत्रीने कडेच्या किलोमीटरच्या दगडाकडे बोट केले आणि म्हणाले, ‘सकाळी दगडावरचा आकडा वाचाय येत हुता, आता नुसतं पिवळं टकुरं ऱ्हायलंय. पाव्हणं, गाडी मागं घ्या.’ आम्ही गाडी मागे घेतली.

ट्रॅक्टर गेला म्हणून कॅम्पर जाईल, असे कधीही समजू नये. ट्रॅक्टरची चाके उंच असतात आणि त्याच्या अंगाखालून पाणी निघून जाते. कॅम्परच्या सपाट, लांब बाजूवर प्रवाहाचा पूर्ण दाब बसतो, मागचा भाग मागच्या चाकांच्या बराच मागे गेलेला असतो, आणि आमच्या गाडीत तर दिवे व फ्रीज चालवणारी बॅटरी फरशीखालच्या पेटीत होती. करूळ घाटाने वैभववाडीला उतरून फोंडा घाट आणि राधानगरीमार्गे कोल्हापूर गाठण्याची सूचना काहींनी केली. मुसळधार पावसात, दरडींच्या दिवसांत, अशा गाडीने एकाऐवजी दोन घाट अंगावर घेणे हा शुद्ध अविचार आहे. आम्ही गगनबावड्याला परत जाऊन थांबलो. रस्ता दुसऱ्या दिवशी दुपारनंतर खुला झाला. तोही घाईने पार करावा लागला, कारण पुढे बालिंग्याचा पूल भोगावती नदीवर आहे, आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की तिथली स्थिती बदलते.

खरा संताप पुढे होता. रस्ता बंद असल्यामुळे गाडी जागची हलली नव्हती, तरी मालकाने त्या दिवसाचे किमान २५० किलोमीटरचे भाडे, चालकाचा भत्ता आणि वर ‘थांबण्याचा आकार’ असे तिन्ही लावले. चालकाचा भत्ता रास्त आहे. तो माणूस आमच्याबरोबर भिजला. बाकीच्या दोन्ही रकमा म्हणजे एकाच दिवसाचे दोनदा घेतलेले पैसे आहेत, आणि रस्ता तासाभरात खुला होतो असे सांगणाऱ्यानेच त्या मागाव्यात, हे मला आजही पटलेले नाही. पूर, दरड किंवा प्रशासनाने रस्ता बंद केल्यास किमान किलोमीटर लागू होणार नाहीत, एवढे वाक्य पावतीवर लिहून घ्यावे आणि लिहून देण्यास नकार मिळाला तर ती गाडी घेऊ नये.

विजेबद्दलही आम्हाला अर्धवट सांगितले गेले. छतावरचे सौर पॅनेल सततच्या पावसात जवळजवळ काहीच देत नाही, त्यामुळे फ्रीज बंद ठेवून दिवे आणि फोन एवढ्यावरच भागवावे लागते. मित्राच्या घरी १५ अँपिअरचा सॉकेट होता म्हणून निघताना बॅटरी पूर्ण भरली. जाड, लांब केबल स्वतःची न्यावी आणि जोडणी छपराखाली, जमिनीपासून उंचावर करावी.

राज्याने २०२१ मध्ये कॅरव्हान पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून अशा गाड्यांची चौकशी वाढलेली आहे आणि ती वाढावी असे मलाही वाटते. पण पावसाळ्यात कोल्हापुरात कॅम्पर मित्राच्या अंगणातच उभी राहू द्यावी. तरीही गगनबावड्याला जायचेच असेल तर निघण्यापूर्वी रंकाळा स्टँडवर जाऊन गगनबावड्याची एसटी सुटते आहे का, हे प्रत्यक्ष विचारावे. एसटी बंद असेल तर निघू नये, आणि चालू असली तरी दोन दिवस पुरेल इतके पिण्याचे पाणी, शिधा आणि औषधे गाडीत असल्याखेरीज कळ्याच्या पुढे जाऊ नये.